हातानं वायरिंग करून स्प्लिट कीबोर्ड: मराठी इनस्क्रिप्टला ४२ कीज पुरतील का?

तापीकाठ
राम राम मंडळी. मी चोपड्याला डीटीपी आणि कोर्टाच्या कागदांचं टायपिंग करतो, दिवसभर इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड लेआउटवरच. मनगटं लय दुखून राहिली म्हणून दोन तुकड्यांचा मेकॅनिकल कीबोर्ड बनवायचं डोक्यात आहे. पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) मागवायचा नाही, प्लेटमध्ये स्विच बसवायचे आणि मागून हातानंच वायरिंग करायचं, सोल्डरिंग येतं मला. पण जो तो ४२ कीजच्या कॉर्ने नावाच्या डिझाइनचं सांगतो आणि ते सगळे इंग्रजीवाले, आपले ड, ट, ॉ, ृ कुठं जाणार? दुसरं म्हणजे डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) प्रत्येक स्विचला लागतोच का? आणि कंट्रोलर (कीज वाचून कॉम्प्युटरला कळवणारा छोटा बोर्ड) एकच ठेवून दोन्ही भाग लॅनच्या केबलनं जोडले तर चालेल का, ती घरात भरपूर पडली आहे. सामान इकडे काय काय मिळेल तेही सांगा.

भुसावळ_लोको
डायोड लागतोच भो, प्रत्येकाला एक, १एन४१४८, त्यात कंजुषी करू नको. कीज रो आणि कॉलमच्या तारांच्या जाळीत जोडतात, त्याला मॅट्रिक्स म्हणतात, त्यात चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या कीज एकदम दाबल्या की डायोड नसेल तर चौथी न दाबलेली की पण दाबल्यासारखी दिसते, आणि शिफ्ट धरून भराभर टाईप करणाऱ्याला हे जाणवतंच. डायोडची काळी पट्टी रोच्या बाजूला ठेव आणि क्यूएमके या कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरमधला प्रोग्रॅम) कॉल-टू-रो, म्हणजे करंट कॉलमकडून रोकडे, असं लिही. पट्टी सगळीकडे एकाच बाजूला पाहिजे, बाकी कशी का असेना. डायोडचे पायच वाकवून शेजारच्या डायोडला जोडत गेलास की त्यांचीच रो तयार होते, वेगळी वायर लागत नाही. कॉलमला मात्र इन्सुलेशनवाली वायर घे कारण ती रोच्या वरून जाते, तिथं तुझी लॅन केबल कामाला येईल, आत बहुधा एकसंध तांब्याची तार असते, जिथं टाका मारायचा तेवढंच इन्सुलेशन सोलायचं.

एका कंट्रोलरवर मात्र नाही जमणार. ४ रो आणि ६ कॉलम म्हणजे पलीकडच्या भागाला १० तारा लागतात आणि लॅनमध्ये असतात ८. जुन्या एर्गोडॉक्स या स्प्लिट कीबोर्डमध्ये दुसऱ्या हाताला आयओ एक्स्पांडरची (पिना वाढवणारी) चिप लावून हे सोडवलंय, पण आता दोन पिको कंट्रोलर घे सरळ, मधे फक्त पॉवर, ग्राउंड आणि डेटा अशा तीनच तारा जातात. त्यासाठी ३.५ एमएमचा चार पट्ट्यांचा जॅक आणि तशीच केबल घे. मोबाईलच्या दुकानात ऑक्स केबल म्हणून तीन पट्ट्यांची देतात ती नको, चार पट्ट्यांच्या सॉकेटमध्ये तिचा मागचा भाग दोन संपर्क एकत्र शॉर्ट करतो. आणि यूएसबी चालू असताना ही केबल कधीच काढू-घालू नको, आत सरकताना पॉवर भलत्या पिनला लागते.

अमळनेरची_ताई
दादा, आधी इनस्क्रिप्टचा विचार करा, वायरिंग नंतर. कीबोर्ड अक्षर पाठवतच नाही, नुसता कीचा कोड पाठवतो, मराठी करायचं काम विंडोज किंवा लिनक्स करतं. म्हणून फर्मवेअरमध्ये "ड" असं काही नसतं, उघड्या चौकोनी कंसाची की जिथं ठेवाल तिथं ड येईल.

४२ मध्ये उजव्या हाताचा सगळ्यात बाहेरचा कॉलम म्हणजे तीन कीज. वर ड, मधे ट (तिथं तशीही अवतरणचिन्हाची की असते) आणि खाली बरोबरच्या चिन्हाची की ठेवली की ृ मिळाला. ॉ बॅकस्लॅशवर आहे, त्याला जागा उरत नाही, तो अंगठ्याला द्या. डॉक्टर, कॉलेज, ऑर्डर, कोर्टाच्या कागदात याच्याशिवाय पान जात नाही, लेयरमध्ये (दुसरी की धरून मिळणाऱ्या थरात) ढकललात तर रोज शिव्या द्याल.

अजून एक कोणी सांगत नाही. इनस्क्रिप्टमध्ये स्वर-मात्रा डावीकडे आणि म, न, व सोडले तर बहुतेक व्यंजनं उजवीकडे, म्हणून स्प्लिटवर हात आलटून पालटून छान चालतात. पण ज, ड, च, ट, य हे सगळे उजव्या करंगळीवर येतात! आता "च्या" किती वेळा येतो बघा, त्यात च आणि य दोन्ही करंगळीचेच. म्हणून उजव्या करंगळीचा कॉलम चांगला खाली ओढा, इंग्रजीवाल्यांच्या फाइलमधलं अंतर तसंच्या तसं घेऊ नका. कागदावर हात ठेवून बोटांची टोकं पेनानं मारा आणि त्यावरून कॉलम ठरवा.

धुळेकर
ताईंचं करंगळीचं पटलं, पण ४२ चं नाही पटत. कोर्टाचं टायपिंग म्हणजे तारखा, गट नंबर, दावा नंबर, आकडेच आकडे, आणि ज्ञ, त्र, क्ष, श्र पण शिफ्ट धरून ५, ६, ७, ८ वरच असतात. जोडून काढता येतात म्हणा, पण हाताची सवय मोडून कशाला. आकड्यांची रो ठेवा, ५८ कीजच्या लिली ५८ या डिझाइनसारखं. ५ रो ६ कॉलम म्हणजे ११ पिन, पिकोला काहीच नाही. कमी कीजची फॅशन आपल्या कामाची नाही असं माझं स्पष्ट मत.

केस थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए प्लास्टिक नको हो. ते ६० अंशाच्या आसपास नरम पडतं आणि मे महिन्यात आपल्याकडे बंद गाडीत काय होतं ते जळगाव-भुसावळवाल्यांना सांगायला नको. पीईटीजी सांगा.

वायर अजून लागली तर पंख्याच्या मोटार वायंडिंगवाल्याकडे बारीक इनॅमलची तार मागा, मूठभर तर तो अशीच देईल. फक्त टाक्याच्या जागी ब्लेडनं इनॅमल खरवडा, नाहीतर टाका वरून चकचकीत दिसतो आणि आत करंटच जात नाही.

तापीकाठ
५८ च करतो मग, आणि ॉ अंगठ्याला. प्लेट जळगावला नेमप्लेट-ट्रॉफीवाल्याकडून लेझरवर कापून घेईन म्हणतो, त्याच्याकडे ३ एमएम अॅक्रिलिक आहे, चालेल ना?

भुसावळ_लोको
३ एमएममध्ये स्विचची क्लिप अडकत नाही, ती दीड एमएमसाठी असते. ३ चंच घ्यायचं तर मागून हॉट ग्लू लाव. भोक १४ बाय १४ चं आणि दोन स्विचच्या मध्यात १९.०५ एमएम, पण लेझर स्वतः थोडं मटेरियल खातो म्हणून ड्रॉईंगमध्ये भोक किंचित लहान ठेव आणि आधी तुकड्यावर दोन-तीन मापांची भोकं कापून मागव, स्विच घट्ट बसेल ते माप पक्कं कर. आणि उजवा भाग मागून वायरिंग करताना कॉलम उलटे दिसतात, प्लेटच्या मागे मार्करनं नंबर टाकून घे. पिको लावायच्या आधी मीटर डायोड मोडवर ठेवून एकेक की दाबून बघ, ०.६-०.७ च्या आसपास आकडा आला पाहिजे आणि प्रोब उलटे केले की काहीच नाही. दोन्ही दिशांनी आला तर कुठंतरी पाय टेकलाय.