एक की अनेक?

सत्य उघडकीस आले की न्याय आपोआप होतो, हे ग्रीक शोकांतिकांचे सूत्र असल्याचे म्हटले जाते. सोफोक्लीस या ग्रीक नाटककाराच्या 'राजा इडिपस' या नाटकापुरते तरी मला ते पटत नाही. इडिपसच्या आधीचा थीब्जचा राजा लायस याला अनेक लुटारूंनी मारले, असे त्या हल्ल्यातून जिवंत सुटलेल्या एकमेव साक्षीदाराने सांगितलेले असते; लायसला आपणच एकट्याने मारले असावे, अशी भीती इडिपसला वाटू लागते, आणि एक म्हणजे अनेक नव्हेत, या हिशेबावरच इडिपसची सारी आशा टांगलेली असते. म्हणून त्या साक्षीदाराला बोलावणे धाडले जाते. पण तो साक्षीदार, म्हणजे लायसच्या घरचा गुलाम असलेला म्हातारा मेंढपाळ, समोर उभा राहतो तेव्हा मारेकरी किती होते, हे त्याला कोणी विचारतच नाही. विचारले जाते ते डोंगरावर टाकून देण्यासाठी त्याच्याकडे सोपवलेल्या लायसच्या तान्ह्या मुलाबद्दल, म्हणजे खुद्द इडिपसबद्दल, आणि तेही त्याचे हात पाठीमागे पिरगाळण्याचा हुकूम देऊन. (अथेन्सच्या न्यायालयात गुलामाची साक्ष छळ करून घेतलेली असेल तरच ग्राह्य धरत, त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना यात वावगे वाटले नसावे.) म्हणजे सत्य पुरते उलगडते, पण खुनाचा खटला मात्र अर्धवटच राहतो. शिवाय मारेकऱ्याला हद्दपार करण्याची घोषणा इडिपसनेच केलेली असूनही, शेवटी तो स्वतःच ती शिक्षा मागतो तेव्हा आधी देवाचा कौल घ्यावा लागेल, असे सांगून त्याचा मेहुणा क्रेऑन त्याला राजवाड्यात परत नेतो.