सेरानाला ‘बरं’ करायचा अट्टाहास कशासाठी?

रातकिडा: स्कायरिम या व्हिडिओ गेमवरच्या एका लेखात वाचलं की त्याचा डॉनगार्ड हा जोडभाग संपवून त्यातल्या सोबतीणीला, सेरानाला, व्हॅम्पायरच ठेवलं, तर तिची कथा अर्धवट राहते. मुळीच पटलं नाही. तिच्या बापाला, हार्कनला, मारून ‘किन्ड्रेड जजमेंट’ ही शेवटची मोहीम पूर्ण झाली की उपचाराचा विषय काढता येतो, एवढंच. काढलाच पाहिजे असं खेळ कुठे म्हणतो? डिमहॉलो क्रिप्ट या जुन्या थडग्यातून ती पाठीवर एल्डर स्क्रोल (भविष्यवाणीची प्राचीन गुंडाळी) बांधून बाहेर येते. पुढे कळतं की बापाला भविष्यवाणीसाठी तिचं रक्त हवंय आणि त्याच्यापासून वाचवायला आईने तिला तिथे कोंडलं होतं. आता तिच्या रक्ताचं काय करायचं हे आपण ठरवायचं?

तांबडफुटी: असहमत. तिला व्हॅम्पायर बनवणाऱ्या मोलाग बाल या दुष्ट देवाच्या विधीबद्दल तिला विचारा, तो अपमानास्पद होता असं ती स्वतः सांगते. त्यातून सुटायची वाट दाखवणं म्हणजे हक्क गाजवणं नव्हे. निर्णय तिचाच असतो. फक्त घाई नको. आधी आईबापांचा विषय निघेल तेव्हा नीट ऐकून घ्या, उपचाराचं बोलण्याआधी सेव्ह करा, दटावणारं वाक्य निवडू नका. पटलं तर ती सोबत सोडून मोरथल गावातल्या फॅलियन या जादूगाराकडे जाते आणि काही दिवसांनी परत येते.

निवडुंग: आणि तिच्या चाव्याने स्वतः व्हॅम्पायर लॉर्ड (ताकदवान व्हॅम्पायर) व्हायचं असेल तर आधी होऊन घ्या. बरी झाल्यावर ती तुम्हाला चावणार नाही.

रातकिडा: फॅलियनचा विधी म्हणजे काय हे विसरलात का? आपल्याला बरं व्हायचं असेल तर तो भरलेलं ब्लॅक सोल जेम (आत्मा कोंडायचं काळं रत्न) मागतो. म्हणजे एका माणसाचा आत्मा. तो जातो सोल केर्न या कैदी आत्म्यांच्या जगात, जिथे तिथल्या सत्ताधाऱ्यांनी, आयडियल मास्टर्सनी, सेरानाच्याच आईला अडकवून ठेवलं होतं!

हिशेबनीस: इथे कोणी निरपराधाला मारा म्हणत नाहीये. दरोडेखोरावर सोल ट्रॅप हा मंत्र टाका, साठ सेकंदांत तो मेला की जेम भरतं. चूक वेगळीच होते. जवळ लहान रिकामी जेम्स नसतील तर लांडग्याचा फुटकळ आत्माही ब्लॅक जेममध्येच जाऊन बसतो आणि ते वाया जातं. म्हणून ‘पेटी’ म्हणजे सगळ्यात लहान आकाराची दोन-चार जेम्स जवळ ठेवा. मग पहाटे दलदलीतल्या वर्तुळापाशी फॅलियनला गाठा.

रातकिडा: दरोडेखोर झाला म्हणून कायमची कैद? ही कसली न्यायबुद्धी?

हिशेबनीस: त्याच जेमने तलवार मंतरताना हा प्रश्न का पडत नाही?

रातकिडा: मी ब्लॅक जेम वापरतच नाही. इतरांचं गृहीत धरू नका!

तांबडफुटी: धागा सेरानाचा आहे, जेमचा नाही. तिच्या उपचारासाठी आपल्याकडे जेम मागितलंच जात नाही. ती एकटी जाते, विधी आपल्याला दिसतही नाही.

रातकिडा: तोच तर माझा मुद्दा आहे! मग आत्मा कुणाचा गेला?

तांबडफुटी: खेळ ते सांगत नाही, एवढं मान्य. पण ज्यांना ही काळजी आहे त्यांनी रोग मुळात अंगात मुरू देऊ नये. सँग्विनारे व्हॅम्पायरिस, म्हणजे व्हॅम्पायर बनवणारा रोग, लागल्यापासून तीन दिवसांत क्युअर डिसीझ या औषधाची बाटली पुरते, तिथे कुणाचा जीव जात नाही. सेरानाच्या बाबतीत ती वेळ केव्हाच टळून गेलेली आहे.

रातकिडा: बाटलीचं मान्य. सेरानाचं नाही. माझ्या खेळात तिचे डोळे तसेच राहतील.