कुऱ्हाडीचा दांडा दर उन्हाळ्यात सैल होतो. आणि हातचं न राखता शिकवणाऱ्यांचं देणं कसं फेडावं?

गोदाकाठ
मंडळी, हरसूलच्या आठवडे बाजारातली कुऱ्हाड आहे, पातं साधारण सव्वा किलोचं. श्रावणात दांडा बसवला की चैत्रात डुगडुगतो. रात्रभर पाण्यात ठेवलं की चार दिवस घट्ट, मग आधीपेक्षा जास्त सैल. वरून खिळे ठोकूनही झाले. चूक लाकडाची, पाचरेची की बसवण्याची? पेठ-हरसूलकडचे कारागीर विचारलं तर सगळं उघड करून दाखवतात. त्यांच्याकडे जाताना नेमकं काय विचारावं? आणि मोबदला घेत नाहीत, तर काय करावं?

पाचरवाला
आधी पाण्याचा उपाय बंद. लाकूड फुगतं, पण नेढ्याचं (पात्यातल्या दांडा बसायच्या भोकाचं) लोखंड जागा देत नाही, मग आतले तंतू चिरडतात. वाळल्यावर दांडा मूळ मापापेक्षा बारीक होतो. म्हणून दर खेपेला जास्त सैल. खिळ्यांनी लाकूड चिरतं, बाकी काही नाही.

श्रावणात लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलेलं असतं. त्या मापाने बसवलेला दांडा चैत्रात आकसणारच. बसवायचा तो एप्रिल-मेमध्ये, लाकूड सर्वांत सुकं असताना.

लाकूड धामणीचं घ्या. चिवट असतं, दणका सोसतं. बाभूळही चालते. सागाच्या नादी लागू नका. दारं-खिडक्यांना तो उत्तम, पण हिसक्याला तडकतो. ओला दांडा थेट बसवायचा नाही. जाडसर तासून, दोन्ही टोकांना मेण किंवा शेण लावून सावलीत निदान सहा महिने ठेवा. टोकं उघडी राहिली तर तिथूनच ओल भराभर उडते आणि चिरा पडतात.

दुकानातला रंगवलेला दांडा घेऊ नका, रंगाखाली रेषा दिसत नाहीत. टोकाकडून पाहा: वाढीच्या रेषा पात्याला समांतर हव्यात. बाजूने पाहा: रेषा मुठीपर्यंत सलग गेली पाहिजे. जिथे ती तिरकी होऊन बाहेर पडते, तिथेच दांडा मोडणार.

बसवताना वरच्या टोकाला करवतीने खाच घ्या, नेढ्याच्या खोलीच्या दोन तृतीयांश. मग दांडा हातात लोंबता धरा, पातं खाली, आणि दांड्याच्या मुठीकडच्या टोकावर लाकडी मोगरीने ठोका. पातं जड असल्यामुळे जागीच राहतं आणि दांडा त्यात उतरत जातो. नवख्याला हे उलटं वाटतं, पण कारागीर असंच करतात. तीन-चार ठोक्यांनंतर काढून पाहा: काळे चकचकीत डाग पडले असतील तेवढंच तासा. सगळीकडे टेकला की पाचर, तीही सुक्या कडक लाकडाची. लोखंडी पाचर नंतर, गरज पडली तरच. दांडा नेढ्याच्या वर तीन-चार मिलिमीटर राहू द्या.

ऐरणीवर
एक भर. धारेकडून दांड्याकडे एका डोळ्याने पाहा, धारेची रेषा मुठीच्या मधोमध आली पाहिजे. वाकडी असेल तर पाचर मारण्याआधीच दुरुस्त करा.

धारेला ग्राइंडर लावू नका. पोलाद निळं पडलं की तापमान 300 अंशांच्या आसपास गेलं आणि लोहाराने दिलेलं पाणी, म्हणजे धारेचा कडकपणा, उतरलं. धार मग दोन घावांत मुडपते. कानशीने घासा, मग सहाणेवर. दोन्ही बाजू मिळून 25 ते 30 अंश ठेवा. फांद्या तोडायला 25 कडे, ओंडके फोडायला 30 कडे. कानस धारेवरून नुसती घसरली, चावली नाही, तर पाणी जास्त झालंय आणि धार तुकडे टाकेल. अशी कुऱ्हाड भात्यावर शेवटून, म्हणजे लोहाराकडून तापवून धार नीट करून, घ्या. आणि तुंब्याने, म्हणजे पात्याच्या मागच्या बोथट बाजूने, दगड-पाचरी ठोकू नका, नेढ्याच्या भिंती चिरतात.

गोदाकाठ
पाचरवाले दादा, नेढं तपासायचं कसं? माझ्या पात्याचं वरचं तोंड खालच्यापेक्षा रुंद आहे.

पाचरवाला
मग बरोबर. दांडा खालून येतो, पाचर वर पसरते आणि तो खाली निसटत नाही. दोन्ही तोंडं सारखी असतील तर आतून कानशीने वरचं थोडं मोकळं करा. नेढं कुदळीसारखं, वरचं तोंड बरंच रुंद असलेलं असेल तर दांडा वरून घालायचा, वरचं टोक जाड ठेवून. अशा नेढ्याला पाचरीची गरजच नसते.

रानवाटेवरून
देणं फेडण्याबद्दल. पैसे घेत नाहीत म्हणून फुकट शिकायचं, असं होऊ देऊ नका. त्यांच्याकडून चार दांडे विकत घ्या, भाव न पाडता. विळा, खुरपी त्यांच्याकडेच शेवटायला द्या. व्हिडिओ काढायचा तर आधी विचारा, आणि टाकलात तर नाव-गाव त्यांच्या संमतीने टाका.

अमेरिकन वनखात्याने 1999 साली बर्नी वाइसगर्बर यांची कुऱ्हाडीवरची पुस्तिका काढली, ती इंटरनेटवर मोफत मिळते. तिथे हिकरीचं लाकूड, इथे धामण. बाकी बरंचसं तेच. आपल्याकडचं मात्र फारसं लिहिलेलं सापडत नाही, ते माणसांच्या हातात आहे. कोणी सांगताना काही चूक दाखवली तर ती चूकही लिहून ठेवा. "का मोडतो" हे कळलं की "कसा बसवायचा" ते आपोआप येतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण इथे गोतच दांडा घडवायला शिकवतंय!

ऐरणीवर
शेवटी जवसाचं तेल लावताना पातळ हात, पहिल्या आठवड्यात रोज एक, मग महिन्यातून एकदा. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.