पुण्याहून नागपूरला शिफ्ट होतोय, सोबत 74 वर्षांच्या सासूबाई. कधी यावं, काय आणावं?

कोथरूडची_आई

नमस्कार मंडळी. मिस्टरांची बदली मिहानमधल्या (नागपूर विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग) ऑफिसला झालीये, 4 मेला जॉइन व्हायचंय, आणि मी, मुलगी (आता पाचवीत जाईल, स्टेट बोर्ड मराठी माध्यम) आणि सासूबाई असं अख्खं घर हलतंय. पुण्यात सतरा वर्षं झाली, सामान किती साठलंय ते आता माळा काढल्यावर कळतंय. मनीषनगरला एक टू बीएचके बघून ठेवलाय, तिसरा मजला, वर थेट गच्ची, बेडरूमची खिडकी पश्चिमेला, भाडं बजेटमध्ये आहे, मालक पण सज्जन वाटले. आता प्रश्न असा की सगळ्यांनी मेमध्येच यावं का, मूव्हर्सवाल्या तिघांनी तीन आकडे सांगितलेत आणि फरक एवढा की स्वस्तवाल्याची भीतीच वाटते, स्कूटर कशी आणायची, गॅसचं काय करायचं.

आणि अजून एक. सासूबाईंचं पायाचं शिलाई मशीन आहे. मिस्टर म्हणाले जड आहे, विकून टाकू, तिकडे कुठे शिवत बसणार आहे आई. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर मशीनचं झाकण काढून एकेका भोकात तेल सोडत बसल्या होत्या. मला तेव्हापासून काही सुचत नाहीये.

प्रतापनगर_चौक

ताई, या, स्वागत आहे, पण मेमध्ये आजीला घेऊन नका येऊ, हात जोडून सांगून राहिलो. आमच्याकडे मेमध्ये 44-45 तर नेहमीचंच आहे, 2013 च्या 23 मेला 47.9 गेलं होतं, आणि 25 मेच्या आसपास नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की दुपारी 12 ते 5 रस्त्यावर माणूस दिसत नाही. इथला जन्मलेला माणूस कांदा खिशात ठेवून, डोक्याला दुपट्टा बांधून, पन्हं पिऊन निभावून नेते, पण पुण्याहून थेट त्या उन्हात आलेल्या 74 वर्षांच्या बाईचं अंग कसं जुळवून घेईल? भाऊंना एकट्याला येऊ द्या, एक महिना राहतील कुठेतरी, तुम्ही जूनच्या तिसऱ्या आठवड्यात या. तसंही विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, उन्हामुळेच, जूनच्या शेवटी शेवटी, म्हणजे पोरीचं काही बुडत नाही. पुस्तकं बालभारतीचीच आहेत, फक्त टीसी घेताना सरलचा (विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा) आयडी त्यावर आहे का तेवढं पाहून घ्या.

आता ते घर. वर गच्ची आणि पश्चिमेची भिंत, हे दोन्ही एकत्र म्हणजे भट्टी आहे बावा. स्लॅब दिवसभर तापते आणि रात्रभर उष्णता खाली सोडते. भाऊ इकडे आले की त्यांना दुपारी 4 वाजता त्या बेडरूममध्ये जाऊन पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून उभं राहायला सांगा, आणि मग रात्री 11 ला परत जाऊन तोच हात लावायला सांगा. रात्री पण गरम लागली तर ते घर सोडून द्या, कितीही स्वस्त असो. त्याच बिल्डिंगमध्ये पहिला किंवा दुसरा मजला मिळते का विचारा, थोडे जास्त द्या.

मिहानसाठी एरिया चांगला निवडला. मेट्रोची ऑरेंज लाइन वर्धा रोडवरूनच जाते, उज्ज्वल नगर किंवा जयप्रकाश नगरला चढून खापरीपर्यंत जाता येते, तिथून पुढे ऑफिसची बस आहे का ते पाहावं लागेल.

कूलरचं पण सांगतो, कारण पुण्याच्या लोकांना हे माहीत नसते. घर पाहताना खिडकीबाहेर कूलरचं स्टँड लावू देतात का, आणि पाण्याचा नळ किंवा पाइप तिथपर्यंत पोचते का हे आधी विचारा. इथली हवा उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून कूलर एकदम मस्त चालते, बाहेरची हवा ओल्या ताट्यांतून आत येते. पण खोलीची दुसरी बाजू थोडी उघडी ठेवायची, सगळं बंद केलं तर नुसता दमटपणा होते आणि तुम्ही म्हणाल नागपूरचे कूलर बेकार. पाऊस सुरू झाला की त्याचा उपयोग संपला, टाकी रिकामी करून कोरडी ठेवायची, नाहीतर डेंग्यूचे मच्छर. कूलर पुढच्या वर्षी फेब्रुवारीतच घ्या, एप्रिलमध्ये दुकानदार ऐकत नाहीत.

नाशिकहून_आलेली

मी तीन वर्षांपूर्वी दोन मुलं घेऊन आले, मूव्हर्सचं सांगते. आम्ही सगळ्यात स्वस्तवाला घेतला आणि पस्तावलो. पाच दिवस बोलले, सामान अकराव्या दिवशी आलं, कारण ते शेअर गाडीत टाकलं होतं, मधे एका गोडाऊनला उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये चढवलं. इथे दारात आल्यावर म्हणे दुसरा मजला आहे, वर चढवायचे वेगळे पैसे, नाहीतर गाडी परत नेतो. आम्ही अकरा दिवस सतरंजीवर झोपलो होतो, काय करणार, दिले. तेव्हा ताई आकडा ऐकण्याआधी हे विचारा की फुल गाडी आहे का शेअर, वर चढवणं धरलंय का, जीएसटीचं बिल आणि सामानाची यादी देणार का. आणि घरी येऊन सामान बघून गेल्याशिवाय फोनवर जो रेट देतो त्याला सोडून द्या. निम्म्याहून जास्त अॅडव्हान्स देऊ नका, बाकीचे सामान मोजून घेतल्यावर. जूनमध्ये येणार असाल तर बंद बॉडीचीच गाडी पाहिजे म्हणून लिहून घ्या, ताडपत्रीवर विश्वास ठेवू नका, आमच्या गाद्यांना वास राहिला तो राहिलाच.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ काढून पुसून ठेवा, इथे आल्यावर काही तास उभा राहू द्या मग लावा. फ्रंट लोड वॉशिंग मशीन असेल तर मागचे ते ट्रान्झिट बोल्ट शोधा, ड्रम त्याने बांधला जातो, आमचा सुटा होता आणि इथे आल्यावर घडघड आवाज. इन्व्हर्टरची बॅटरी आडवी ठेवू देऊ नका, अॅसिड सांडतं. स्कूटरमधलं पेट्रोल रिकामं करावं लागतं, रेल्वे पार्सलने पाठवा किंवा ट्रकमध्ये, सोबत आरसीची कॉपी. पासिंग परत करायची गरज नाही, एकाच राज्यात आहोत, फक्त पत्ता बदलून घ्यायचा. सिलेंडर आणि रेग्युलेटर तिकडच्या एजन्सीला जमा करून डिपॉझिट आणि व्हाउचर घ्या, ते इकडच्या एजन्सीला दाखवलं की नवीन कनेक्शन मिळतं. भरलेला सिलेंडर ट्रकमध्ये अजिबात नको. सोनं, कागदपत्रं, आजींची औषधं आणि प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत. औषधं एक महिन्याची जास्त, नवीन डॉक्टर बसेपर्यंत वेळ जातो.

वर्धा_रोड_57

मला वेगळं वाटते. जूनपर्यंत थांबलं तर पावसात सामान ओलं होईल आणि अॅडमिशनचं राहून जाईल. भाऊंनी मेमध्येच सामान आणि घर लावून टाकावं, शाळा नक्की करून ठेवावी, आजी आणि मुलगी नंतर रात्रीच्या गाडीने एसीत लोअर बर्थ घेऊन येतील. समृद्धी महामार्गाने कारमध्ये आजीला आणू नका, संभाजीनगरपासून रस्ता मोकळा आहे हे खरं पण पुण्याहून सातशेच्या वर किलोमीटर आहे. सामान मात्र आधी यावं.

आणखी एक. नाल्याजवळचं तळमजल्याचं घर दाखवतील तर आधी शेजाऱ्यांना विचारा, 2023 च्या 23 सप्टेंबरला पाणी घुसलं होतं का. त्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नागनदीच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेत होते, फ्रिज तरंगत होते घराघरात. मालक हे सांगत नाहीत, शेजारीण सांगते.

महालची_लेक

मी फक्त मशीनबद्दल सांगते, बाकी सगळ्यांनी सांगितलंच आहे.

आणा ते. मी हात जोडून म्हणते. आमची आई बाबा गेल्यावर माझ्याकडे आली तेव्हा जागा नाही म्हणून तिचा पाटा-वरवंटा गावीच ठेवला. दोन वर्षं ती माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखी उभी राहायची, भांडं कुठे ठेवू विचारायची, मिक्सर लावायला घाबरायची. मग भाऊ तो पाटा घेऊन आला. त्या संध्याकाळी तिने कुणाला न विचारता चटणी वाटायला घेतली. आजींकडे त्यांचं मशीन असलं की नवीन गावातल्या दुपारी त्यांना काहीतरी काम राहील, आणि कॉलनीतली एक बाई फॉल-पिकोला आली की दहा बाया येतात, ओळखी होतात, त्यांना बाहेर जावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, मुलीला लाकडी बैल घ्या, आजींना त्याची झूल शिवायला द्या. खरंच.

सामान बांधताना वरचं डोकं लाकडी टेबलापासून सुटं करा, मागे दोन बिजागऱ्यांच्या पिना आहेत, छोटे स्क्रू ढिले केले की निघते, ते जुन्या साडीत गुंडाळून वेगळ्या खोक्यात ठेवा. चामड्याचा पट्टा काढून घ्या. बॉबिन केस आणि सुया आजींच्या स्वतःच्या पर्समध्ये. लोखंडी पाय तसेच चढतील गाडीत.

कोथरूडची_आई

सगळ्यांचे खूप खूप आभार, महालच्या ताई तुमचं वाचून रडू आलं. ठरलं, मिस्टर मेमध्ये जातील, भिंतीला हात लावूनच घर फायनल करतील (मालकांना फोन केला, दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू मेअखेर सोडतायत म्हणे), सामान बंद गाडीने मेच्या शेवटी, मी आणि सासूबाई आणि लेक जूनच्या वीसनंतर रेल्वेने.

मिस्टरांना हा धागा वाचायला दिला. ते काही बोलले नाहीत, स्क्रू ड्रायव्हर घेऊन आईंच्या खोलीत गेले, मागच्या पिना कुठे आहेत ते विचारायला. आता दोघं जमिनीवर बसलेत, आई सांगतायत, हे काढतायत. फक्त एक विचारायचं राहिलं, टेबलाचं लाकूड जुनं सागवान आहे, एका कोपऱ्याला थोडं सुटलंय, ते इथेच चिकटवून घेऊ की नागपूरला सुतार मिळेल?

महालची_लेक

तिथेच चिकटवा, दोन दिवस वाळू द्या, सुटा कोपरा प्रवासात तुटून जाते. बाकी पॉलिश इकडे करू, आमच्या गल्लीत आहेत एक काका, मी सोबत येईन.