मदत हवी आहे: कांद्याचे भाव पाडले कोणी, निर्यातबंदीने की आवकेने?

मंडळी, एम.ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय मीच हौसेने घेतला: महागाई रोखायला रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) जास्त कामी आला की सरकारचे निर्यात निर्बंध? आता गळ्याशी आलंय.

मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. पण 2012 पायाभूत वर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के, आणि व्याज वाढलं म्हणून कोणी भाजीत कांदा कमी घालत नाही. तिकडे ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट बंदी, ती उठली मे 2024 ला. (आमचे मामा निफाडचे, म्हणजे नाशिकच्या कांदा पट्ट्यातले. बंदीचा विषय निघाला की ताटातली भाकरी तशीच राहते.)

घोळ असा की बंदी आली तेव्हाच लाल कांद्याचीही आवक सुरू होती. मग दोन्हींचा परिणाम वेगळा काढायचा कसा? सर म्हणतात, 'व्हीएआर लाव' (अनेक चलांचा एकमेकांवरचा परिणाम मोजायची संख्याशास्त्रीय पद्धत). माझ्याकडे जेमतेम साठ महिन्यांचे आकडे. त्यात पाच चलं घातली तर हाती काय उरणार? त्यापेक्षा लासलगावच्या कांदा बाजारातली रोजची आवक नि भाव घेऊ का? आणि तुलनेला बटाटा धरला तर चालेल? त्याच्यावर तेव्हा अशी बंदी नव्हती.

कोणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा. आराखडा सोमवारी द्यायचाय.