जुनी डिझेल पिकअप : इंजिन गरम असताना सेल्फ उचलत नाही

गरमइंजिन
सकाळी पहिल्या किल्लीत सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) व्यवस्थित फिरतो. गाडी तासभर चालवून बंद केली आणि लगेच किल्ली मारली, तर फक्त ‘टिक्’. इंजिन हलत नाही. अर्ध्या तासाने थंड झाली की पुन्हा चालू. बॅटरी नवी आहे, सेल्फचे कार्बन ब्रश आणि बुश बदललेले आहेत. आता पूर्ण सेल्फच बदलावा असं गॅरेजमध्ये सांगतात. त्याआधी काय तपासू?

मल्टिमीटर
सेल्फ अजिबात उतरवू नका. बिघाड दिसतोय तेव्हाच, म्हणजे इंजिन गरम असतानाच मोजायला हवं. थंड गाडीत सगळे आकडे चांगलेच येतील.

आधी गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडाचे ठोकळे. इंजिन चालू होऊ नये म्हणून डिझेल पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) तार काढा. ओढायचा स्टॉप असेल तर तो ओढून ठेवा. बॅटरी काही न चालवता १२.४ ते १२.६ व्होल्ट दाखवायला हवी.

मग दुसऱ्या माणसाला किल्ली स्टार्टवर धरायला सांगा, एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि ही मापं घ्या :

१. बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये. प्रोब खुंटीवरच टेकवा, क्लँपवर नको, नाहीतर क्लँपखालच्या गंजाचा परिणामही बॅटरीच्या मापात मिसळतो. सेल्फ फिरत असताना साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये.

२. सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या (मोटरचा करंट जोडणाऱ्या विजेच्या चुंबकाच्या) ५० नंबरच्या टर्मिनलवर, म्हणजे किल्लीकडून येणाऱ्या बारीक तारेवर. दुसरा प्रोब सेल्फच्या बॉडीला. तार जोडलेलीच ठेवा. ती काढून मोजली तर करंट वाहत नाही आणि सडलेल्या तारेवरही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. टेस्ट लॅम्पही याच कारणाने फसवतो.

३. बॅटरीची मायनस खुंटी ते सेल्फची बॉडी. सेल्फ फिरत असताना ०.२ पर्यंत ठीक. जास्त आलं तर इंजिन आणि चासी यांच्यातली अर्थिंगची पट्टी बघा.

आवाजाबद्दलही नीट सांगा. सेल्फमधून जड ‘खट्’ येतो की हलका ‘टिक्’? जड ‘खट्’ म्हणजे प्लंजर (सोलेनॉइडमधला सरकता दांडा) पूर्ण आत गेला, पण पुढे मोटरला करंट मिळाला नाही किंवा मोटर जाम आहे. लागोपाठ ‘टकटकटक’ म्हणजे व्होल्टेज कोसळतंय : बॅटरी उतरलेली, नाहीतर जाड केबलचे लग (टोकांची जोडणी) ढिले. सेल्फ नुसताच गरगरतो पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स (सेल्फचं दातेरी चाक इंजिनाला जोडणारा भाग) गेलाय.

गरमइंजिन
आवाज हलकाच आहे. गरम असताना, किल्ली धरून : बॅटरी १२.२, पन्नासवर ८.३, अर्थिंगचा फरक ०.१.

मल्टिमीटर
मग सेल्फ निर्दोष असण्याची शक्यता मोठी. बॅटरीवर १२.२ आणि पन्नासवर ८.३, म्हणजे किल्लीच्या वाटेवर ३.८ व्होल्ट खर्च होतायत.

सोलेनॉइडमध्ये दोन कॉइल असतात. ओढणारी जाड आणि धरून ठेवणारी बारीक. जाड कॉइलची अर्थिंग मोटरच्या ब्रशमधून होते. प्लंजर आत जाऊन मोठा कॉन्टॅक्ट जुळला की तिच्या दोन्ही टोकांना प्लस येतो आणि ती आपोआप सुटते. पण त्या पहिल्या क्षणी दोन्ही मिळून ३०-४० अँपिअरही खेचू शकतात, आणि जुन्या गाड्यांत तो सगळा भार इग्निशन स्विचमधून जातो. गरम झाल्यावर तांब्याचा रोध वाढतो. तापमान ८० अंशांनी वाढलं तर जवळपास ३० टक्के. त्यामुळे कॉइलची ओढ घटते. थंड असताना जेमतेम पुरणारे ८ व्होल्ट मग पुरत नाहीत.

आता वाट तुकड्यातुकड्याने मोजा : बॅटरी प्लस ते स्विचची इनपुट तार, इनपुट ते आउटपुट, आउटपुट ते पन्नास.

गरमइंजिन
०.९, १.९ आणि १.०. किल्ली आणि सेल्फच्या मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) नाही, क्लचचा स्विचही नाही.

तांब्याचीतार
अर्धा ऱ्हास एकट्या स्विचमध्ये आहे. मागचा कॉन्टॅक्टचा भाग सुटा मिळत असेल तर बदला. पण तेवढ्यावर थांबू नका, उरलेले १.९ तारेत आणि कपलरमध्ये (तारांच्या जोडांत) आहेत. इथे रिले बसवणं हाच खरा इलाज.

चार पिनचा १२ व्होल्टचा रिले घ्या, ४० अँपिअरचा. सोलेनॉइड मोठा असेल तर ७० चा. पन्नासवरची जुनी तार काढून रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला. ८५ इंजिनच्या अर्थिंगला. ३० ला बॅटरी प्लसवरून ४ चौरस मिलिमीटरची नवी तार, तिच्यात ३० अँपिअरचा फ्यूज. ८७ मधून तसलीच तार सोलेनॉइडच्या पन्नासवर. आता स्विचमधून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट जाईल, त्यामुळे जुनी तार पुरते.

काम सुरू करताना बॅटरीची मायनस आधी काढा. सेल्फच्या जाड केबलला सहसा फ्यूज नसतो. पाना बॉडीला टेकला तर केबल जळेल.

पाना१३
रिले लावल्यावर पन्नासवर पुन्हा मोजा, ११ च्या आसपास यायला हवेत. तेवढे येऊनही कधी जड ‘खट्’ करून थांबला, तर सोलेनॉइडचं झाकण खोला. कमी व्होल्टेजवर प्लंजर ढिला बसतो आणि तांब्याचे कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी खाल्ले जातात. सगळीकडून काळे झाले असतील तर पॉलिश पेपरने भागतं. एका कडेला खड्डा पडला असेल तर जोडीच बदला, कारण प्लंजरने सरकणारी, दोन्ही कॉन्टॅक्ट जोडणारी तबकडी मग एकाच बाजूला टेकते. बसवताना आतलं बोल्टचं डोकं घट्ट धरून बाहेरचा नट आवळा. बोल्ट फिरला की कॉन्टॅक्ट तिरका होतो आणि नवाही आठवडाभरात जळतो.

आणि सेल्फवर हातोडीने ठोकून काम भागवू नका. कायम चुंबकाचा सेल्फ असेल तर आतले चुंबक तडकतात आणि तुकडे आर्मेचरमध्ये (मोटरच्या फिरणाऱ्या भागात) अडकतात.

तांब्याचीतार
एक राहिलं : फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवा, रिलेपाशी नको. मधली तार कुठे घासून चासीला लागली तर तोच वाचवेल. रिले सायलेन्सरच्या पाइपपासून लांब, पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही.