मदत हवी आहे : जुलैच्या आभाळात गर्जन्मेघ ओळखायचा कसा?
नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहते. गच्चीवरून पश्चिमेला नॅशनल पार्कचे डोंगर आणि पूर्वेला खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर दिसतो. वर्षभर ढगांची वही ठेवतेय.

ऑक्टोबरमध्ये गर्जन्मेघ, म्हणजे गडगडाटासह जोरदार पाऊस देणारा उंच ढग, ओळखणं सोपं जातं. दुपारी पूर्वेकडे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग वर चढू लागतो. माथा ऐरणीसारखा पसरला की मी शेजारच्या काकूंना वाळवण आत घ्यायला सांगते.

अडचण जुलैची आहे. खालच्या करड्या थराने आभाळ भरलेलं, माथा दिसतच नाही. मग नुसती रिपरिप देणारा थर कोणता आणि त्याच्या आड दडलेला, तासाभरात रस्ते तुंबवणारा ढग कुठे, हे खालून कसं ओळखता? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणून ‘मुंबईत मुसळधार’ एवढ्याने माझं भागत नाही.

तळाचा काळेपणा, अचानक सुटणारा गार वारा, यांपैकी कशावर भर द्यावा? रडारची चित्रं बघतेच, पण मला डोळ्यांनी शिकायचंय. मुलगा लोकलने येतो. त्याला वेळेत फोन करता यायला हवा. कोळीवाड्यातल्या कुणाचा अनुभव असेल तर जरूर सांगा.